खेळात दिलेला मंत्र

मे उजाडला की घरातल्या सगळ्यांच्या चपला मी उलट्या करून झटकते. सुनेला ते आवडत नाही. फरशीवर माती पडते, म्हणते. पडू दे. टॉवेल झटकते, उशांचे अभ्रे झटकते, पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातवाची पाठीवरची बॅगही त्याच्या नकळत एकदा गॅलरीत नेऊन झटकून आणते. तिसऱ्या मजल्यावर विंचू कुठून येणार, असं मुलगा विचारतो. विंचू कुठूनही येतो, पण तसं म्हटलं की तो हसतो, म्हणून मी गप्प बसते. काळजी करणं हे माझं जन्माचं काम आहे आणि ते मी मन लावून करते.

परवा दुपारी बाहेर सोलापूरचं ऊन भाजून काढत होतं. खिडक्यांना ओले पडदे लावले होते. नातू ईशान आणि खालच्या मजल्यावरची त्याची मैत्रीण अन्वी फरशीवर पालथे पडून कसलासा खेळ खेळत होते. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि काही अडलं की फासे टाकतात. फासे तरी कसले, कुठूनही बघा, कोपराच दिसतो. दोघांची भांडणं जुंपली. शेवटी ईशान माझ्याकडे वळला.

"आजी, तू सांग. अन्वी योद्धा आहे. तिला जादू अजिबात येत नाही. मग जादूगाराची मंत्र लिहिलेली गुंडाळी तिला वाचता येईल का?"

"येणारच," अन्वी म्हणाली. "मला वाचता येतं ना? मग?"

"नुसतं वाचून काय होतंय! आजी, न्याय कर."

मी "थांबा जरा" म्हणाले आणि आत जाऊन माठातलं पाणी प्यायले. तोच प्रश्न. इतक्या वर्षांनी, इतक्या उन्हात.

हा खेळ मी खेळलेय, हे त्या दोघांना माहीत नाही. फार जणांना माहीत नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही पूर्व भागात राहायचो. गल्लीत सगळी पद्मशाली विणकरांची घरं, घराघरात तेलुगू, आणि मधेच आमचं एक मराठी बिऱ्हाड. समोर चादरींचा कारखाना. माग चालू असले की बोललेलं ऐकू यायचं नाही, त्यामुळे आमच्या गल्लीतली माणसं आजही फोनवर ओरडून बोलतात. त्या उन्हाळ्यात दुपारची वीज जायची. खटखट एकदम थांबायची आणि कानात नुसती शीळ वाजत राहायची. सुताचा, खळीचा आणि रंगाच्या पाण्याचा एक आंबट वास गल्लीत भरून असायचा. तो वास आता कुठे आला तरी मला वीज गेल्यासारखं वाटतं.

माझा चुलतभाऊ माधवदादा इंजिनिअरिंगला होता, हॉस्टेलवर. त्याच्या खोलीतल्या मुलाचा भाऊ अमेरिकेत शिकत होता. त्यानं तिकडच्या नव्या खेळाची पुस्तिका टपालानं पाठवली. हॉस्टेलच्या पोरांनी ती कार्बन लावून टाईप केली, आणि दादाच्या वाट्याला आली सगळ्यांत खालची प्रत. वरची पानं बरी होती. तलवारी, भुयारं, राक्षस, कुणाच्या अंगात किती बळ, हे सगळं लागत होतं. नेमकं मंत्रांच्या प्रकरणाला कार्बन थकला होता. कुणी मंत्र टाकावा, कुणी टाकू नये, ज्याला मंत्र येत नाही त्यानं टाकला तर काय, हे सगळं त्या फिकट पानांत होतं. दादा ती पानं उन्हाकडे तिरकी धरून एकेक शब्द वाचायचा आणि उरलेलं स्वतःच्या पदरचं घालायचा.

ते फासे आम्ही पाहिलेसुद्धा नव्हते. चिंचोके फोडून अर्धे केले. पांढरी बाजू वर पडली की जमलं, काळी पडली की फसलं.

वीज गेली की आम्ही कारखान्याच्या ओट्यावर जमायचो. सुट्टीला आलेला दादा गोष्ट सांगणारा. शेजारचा व्यंकू, माझ्याच वयाचा, तो मांत्रिक. त्यानं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि कुणाची हरकत ऐकली नाही. मी शिपाई. मला ढाल-तलवार मिळाली, पण सगळ्यांच्या पाण्याच्या पखाली, दोर आणि मशालीही माझ्याच अंगावर आल्या, कारण तुला बरोबर आठवण राहते, असं सगळे म्हणाले. आणि व्यंकूची धाकटी बहीण चिट्टी. ती लहान होती, तिला पात्र नव्हतं. तिच्या हातून चिंचोके पांढरे पडतात असं आमच्या ध्यानात आलं, तेव्हापासून सगळ्यांच्या वतीनं चिंचोके तीच टाकायची. टाकण्याआधी मूठ कानाशी नेऊन खुळखुळवायची आणि स्वतःशीच तेलुगूत काहीतरी पुटपुटायची.

ओटा कारखान्याचा, आणि त्यावर राज्य शिवाप्पामामाचं. तो तिथला वॉचमन. वळसंगकडचा धनगर. भाऊ अजून मेंढरं राखत होते, हा मेंढरं सोडून शहरात आला, पण काठी मात्र सोडली नव्हती. स्टुलावर बसून काठीवर हनुवटी टेकून तो आमची गोष्ट ऐकत असे. गल्लीला त्याची ओळख वेगळीच होती. शिवाप्पा विंचू उतरवायचा.

आमच्या भागात मे महिन्यात विंचू म्हणजे रोजचं होतं. दगडी भिंती, सरपण, सुताच्या पेंढ्या, जिथे म्हणून गारवा तिथे तो. मोठ्या माणसाला चावला तर रात्रभर ठणका. लहान पोराला तांबडा चावला तर काही सांगता यायचं नाही. मग कुणीतरी पळत येऊन मामाला हाक मारायचं. हाक आली की मामा हातातली भाकरी तशीच खाली ठेवायचा. जायचा, दंश झालेल्या जागेच्या वर हात धरायचा, ओठातल्या ओठात मंत्र म्हणायचा, आणि यायचा. पैसा सोडाच, त्या घरचा चहासुद्धा प्यायचा नाही. लोक गयावया करायचे. "नगं. च्या घेतला की बाटला त्यो," एवढंच म्हणायचा.

एके दुपारी दादानं त्याला विचारलं, "मामा, तुम्ही खेळता का? तुम्ही तर खरेच मांत्रिक."

मामानं मान हलवली. "खेळतो की. पर मांत्रिक नगं. मला धनगर कर. चार मेंढरं, एक कुत्रं. मंत्र-बिंत्र काय बी द्यायचा न्हाय मला."

"का हो?"

"अरं, हितं जेवताना कान दाराकडं. लगनात बसलो तरी कान दाराकडं. खेळात तरी सुटू दे की मला."

तेव्हा आम्ही हसलो. मग दादानं त्याला कुत्रं दिलं आणि मामा इतका खूश झाला की त्यानं त्या कुत्र्याला नाव ठेवलं आणि रोज गोष्ट सुरू होण्याआधी त्याला भाकरी घातली का, हे दादाकडून वदवून घ्यायचा. आमचा खेळ चांगला रंगला. दिवसभर मी विजेची वाट बघायची, म्हणजे ती जाण्याची.

मग ती दुपार आली. आम्ही भुयारात होतो. व्यंकूच्या मांत्रिकाला नागीण डसली. चिट्टीनं चिंचोके टाकले आणि पहिल्यांदाच सगळे काळे पडले. ती रडवेली झाली. व्यंकू ओट्यावर आडवा पडला, डोळे मिटले, आणि अगदी मेल्यासारखा निपचित राहिला. त्याच्या कमरेला विष उतरवणाऱ्या मंत्राची गुंडाळी होती. पण मांत्रिकच बेशुद्ध. उरलो कोण, तर मी शिपाई आणि मामा धनगर, दोघांनाही जादूचा गंध नाही.

"शिपाई गुंडाळी वाचेल," मी म्हणाले.

"नाही वाचता येणार," दादा म्हणाला. "मंत्र वाचणं म्हणजे अक्षरं लावणं नव्हे. त्यासाठी मांत्रिकच लागतो."

"कुठे लिहिलंय?"

दादानं ते पान उन्हात धरलं. आम्ही सगळे त्याच्या खांद्यावरून डोकावलो. बऱ्याच वेळानं त्याला एक ओळ लागली. "असं असल्याखेरीज नाही." कसं असल्याखेरीज, ते उमटलं नव्हतं.

चिट्टी आता खरंच रडायला लागली. तिच्या हातानं भाऊ मेला, असं तिनं धरलं होतं. व्यंकू तसाच पडून, मधेच एक डोळा उघडून बघत होता. दादा नियम सोडायला तयार नव्हता. मलाही रडू येत होतं. तेवढ्यात मामा स्टुलावरून उतरला, माझ्याजवळ उकिडवा बसला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. तंबाखूचा वास आला. त्यानं हळूच काहीतरी म्हटलं, चार-दोन ओळींचंच, अर्धं मराठी, अर्धं कानडी.

"म्हण," तो म्हणाला. "आमचा हाय त्यो. इच्चवाचा. सापाला बी चालंल की गोष्टीत."

मी म्हटला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं नव्हे, मामा म्हणायचा तसा ओठातल्या ओठात. चिट्टीनं डोळे पुसून चिंचोके टाकले आणि पांढरेशुभ्र पडले. दादाही विरघळला. व्यंकू उठून बसला, चिट्टीनं टाळ्या पिटल्या, मामानं कुत्र्याला शाबासकी दिली. मग व्यंकू मामाकडे वळला.

"मामा," तो म्हणाला, "तुमी हिच्या कानात दिलात की."

"व्हय. मग?"

"तुमीच सांगितलं होतं की. एकाच्या कानात दिला की देणाऱ्याकडनं जातो. मग आता तुमच्याकडं हाय का न्हाय?"

 मामा हसला. "खेळात दिल्याला कुटं लागतोय का रं?" पण तंबाखू मळणारा त्याचा अंगठा थांबला होता. मी तो बघितला. कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या हातावर काय चाललंय, हे मला फार लवकर दिसतं. ते दिसलं नसतं तर माझा तो उन्हाळा सुखात गेला असता.

दादानं लगेच वकिली सुरू केली. मंत्र ग्रहणात सिद्ध करावा लागतो ना मामा, मग आज कुठे ग्रहण आहे? त्यामुळे मंगलकडे, म्हणजे माझ्याकडे, काही गेलेलं नाही. मला बरं वाटलं. पण मामाला खोटं बोलता येत नव्हतं.

"माज्या चुलत्यानं मरताना दिला मला," तो म्हणाला. "त्यानं ग्रहणाची वाट बघितली न्हाय. त्याच दिवशी सांजच्याला म्या एकाला उतरावला. लागू पडला. आता ती ग्रहणाची अट कुणाला, देणाऱ्याला का घेणाऱ्याला, ते मला बी म्हाईत न्हाय, पोरांनो."

तेवढ्यात वीज आली आणि माग सुरू झाले. पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते माझं मलाच माहीत. मंत्र माझ्याकडे असेल तर हाक आली की मला जायला हवं. नाही म्हणता येत नाही, ती पहिली अट. आणि मंत्र माझ्याकडे नसेल, पण मामाकडेही उरला नसेल तर? मग तो आहे कुठे? गल्लीतल्या एवढ्या पोरांपैकी एखाद्याला चावला तर आता आहे कोण? हे सगळं एका खेळामुळे, आणि खेळात कुणी वाचावा याचा नियम उमटला नव्हता म्हणून.

मी मंत्र विसरायचा प्रयत्न केला. मनात यायला लागला की पाढे म्हणायचे, तेराचा, सतराचा, एकोणतीसचा. पाढे संपायचे, मंत्र तसाच. परीक्षेला पाठ केलेल्या कविता मी निकालाआधी विसरायचे, आणि हा एकदाच ऐकलेला, एक काना मात्रा इकडे तिकडे होत नव्हती. शिवाय मनातल्या मनात म्हटला तर तो झिजतो का, हीही शंका. मामाला विचारायची हिंमत नव्हती.

मग मी विंचू शोधायला लागले. सकाळी चिमटा घेऊन गल्लीतून हिंडायचं. सरपणाच्या ढिगाखाली बघायचं, न्हाणीच्या दगडामागे बघायचं. अम्माच्या, म्हणजे व्यंकूच्या आईच्या, घरात सुताच्या पेंढ्या रचलेल्या असायच्या. त्या मी उचलून उचलून झटकायला लागले तेव्हा तिनं विचारलं, "काय गं, काय हरवलं तुझं?" काय सांगणार? माझी आई म्हणाली, हिला ऊन लागलंय, कांद्याचा रस द्या. कुणाच्या घरी कुणी आजारी असलं तर तिथला चहा मी घेणं बंद केलं. न जाणो.

मामाचंही ठीक चाललेलं नव्हतं. खेळ बंद पडला होता. कुणी तसं ठरवलं नाही, पण वीज गेली तरी ओट्यावर कुणी येईना. मी कारखान्यासमोरून गेले की तो विचारायचा, "काय गं मंगल, कुणाला चावला न्हाय न्हवं?" मी मान हलवायची. "बरं हाय," तो म्हणायचा. आम्ही दोघं एकमेकांकडे असं बघायचो की जणू आमच्यातल्या कुणाच्या तरी खिशात दुसऱ्याची वस्तू राहिली आहे. एकदा तो म्हणाला, "तू भिऊ नगंस." मला ते धीर दिल्यासारखं वाटलं नाही. त्यालाच भीती वाटत होती.

मृगाला थोडेच दिवस राहिले होते. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. एकदा पाऊस पडला की विंचवाचे दिवस सरतील, असं मी मनाशी घेतलं होतं. त्या दुपारी वीज गेलीच नाही. माग चालू होते. मी जेवायला बसले होते, ताटात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही. पहिला घास मोडला आणि दारात व्यंकू उभा राहिला. धापा टाकत होता. मागांच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

"मंगे, चल. चिट्टीला."

मामाला नाही, त्यानं मला हाक मारली होती.

मी घास ताटात ठेवला. आई मागून काहीतरी ओरडली. पायात चपला नव्हत्या आणि रस्ता तव्यासारखा तापला होता, ते मला नंतर फोड आल्यावर कळलं. पळताना एकच विचार डोक्यात होता, की आपण शिपाई आहोत. आपल्याला काही येत नाही. पखाली आणि दोर तेवढे आपले.

चिट्टी अम्माच्या मांडीवर होती. अम्मा मागाच्या कांड्यांवर सूत भरत होती आणि चिट्टी शेजारच्या पाटीतून सुताची लड काढून द्यायला गेली. उजवा हात. चिंचोके टाकायचा तोच. लाल सुतात लाल विंचू दिसला नाही. तिला घाम फुटला होता, ओकारी झाली होती, आणि हात बर्फासारखे गार. मामा आधीच येऊन बसला होता. त्यानं तिचं मनगट धरलं होतं. ओठ मात्र हलत नव्हते.

मी त्याच्याजवळ बसले. त्यानं माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस आणि डोळे असे, जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरासारखे.

"सुरवात आठवंना गं," तो म्हणाला.

"म्हण की तू," व्यंकू माझ्या दंडाला हिसके देत होता. "तुझ्याकडं हाय की, म्हण की!"

मला म्हणता आला असता. सगळा ओठावर होता. पण माझा धीर होईना. मी म्हटला आणि काही झालं नाही तर? आणि मामाच्या डोळ्यांकडे बघवेना. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यानं मला दिला होता तसाच, अर्धा मराठी, अर्धा कानडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या कानात म्हटला. त्यानं श्वास घेतला. मग त्याचे ओठ हलायला लागले.

त्यात किती वेळ गेला कुणास ठाऊक. दादा टांगा घेऊन आला. तो आधी दवाखान्याच्या वाटेलाच लागला होता, मंत्राच्या नादाला लागला नव्हता, म्हणून आजही मी त्याला मनातल्या मनात हात जोडते. अम्मा चिट्टीला घेऊन टांग्यात बसली. मामा तिचं मनगट न सोडता वर चढला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत त्याचे ओठ चालू होते, असं व्यंकूनं सांगितलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, सुया टोचल्या. रात्र निघाली तर निघाली, असं म्हणाले.

रात्र निघाली. चिट्टी वाचली. कशानं, ते मी ठामपणे सांगू शकत नाही. डॉक्टर वेळेवर मिळाले, हे मला माहीत आहे, आणि आजही कुणाला चावला तर मी आधी रिक्षा बोलावीन आणि मग बाकीचं. पण त्या खोलीत, टांगा यायच्या आधी, मामाचे ओठ हलायला लागल्यावर चिट्टीनं त्याचं बोट घट्ट धरलं, हेही मी पाहिलेलं आहे.

ती घरी आली त्या दिवशी मामा मला म्हणाला, "दिलास न्हवं परत? कानात दिलास. आता तू मोकळी." मी हो म्हटलं. माझ्या मानेवरचं ओझं उतरलंय असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले. पाऊस लागला, शाळा सुरू झाली, दादा हॉस्टेलवर गेला आणि जाताना ती पानं घेऊन गेला. खेळ परत कधी मांडला नाही. पण मोकळं व्हायला विसरावं लागतं, आणि मी काही विसरले नव्हते. आजही नाही. इथे लिहिणार मात्र नाही. लिहिला तर दिल्यासारखं होतं का, हे कुणाला विचारू?

बऱ्याच वर्षांनी, मी शाळेत शिकवायला लागल्यावर, मामा आजारी असल्याचं कळलं. तो नोकरी सोडून वळसंगला गेला होता. मी एसटीनं गेले. तो बाजेवर होता, अगदी वाळून गेलेला, काठी उशाशी. मला ओळखलं. व्यंकूचं विचारलं, चिट्टीचं विचारलं. चिट्टीचं लग्न झालं हे ऐकून समाधानानं मान हलवली. त्याच्या सुनेनं चहा आणला.

"घे की च्या," मामा म्हणाला.

"नको मामा."

"का? ऊन लई लागलं का?"

"नाही. आजारी माणसाच्या घरी मी घेत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कवापासनं?"

"तेव्हापासून."

 बाहेर कुणीतरी शेळीला हाकलत होतं. मला एकदम भीती वाटली, की निघालेल्या माणसाकडून आपण काहीतरी हिसकावून घेतलं. कशाला बोललो आपण, प्यायचा होता तो कपभर चहा.

"म्हंजे तुज्याकडंच ऱ्हायला त्यो," मामा म्हणाला. "माज्याकडं आलाच न्हाय."

"मी दिला होता मामा. खरंच दिला होता."

"दिलास गं. पर आला न्हाय." मग तो हळूहळू म्हणाला, "मग चिट्टीच्या वक्ताला माज्याकडं काय हुतं?"

 तो छताकडे बघत होता. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मी ते कधीच पाहिलं नव्हतं, ओट्यावर कुत्रं मिळालं त्या दिवशीसुद्धा नाही. हसता हसता त्याला ठसका लागला. सून धावत आली.

"काय न्हवतं की!" तो म्हणाला. "खेळातला धनगर हुतो मी. मंत्र न्हाय, काय न्हाय, नुसता म्हणत बसलो. आन् पोरगी उटली!"

त्यानं हात लांब करून माझा कप ओढला, बशीत चहा ओतला आणि आवाज करत प्यायला. सुनेकडे बघून म्हणाला, "साखर कमी घाटलीस." मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा ऊन उतरलं होतं.

ईशान आणि अन्वी अजून भांडतच होते. मी बाहेर येऊन खुर्चीत बसले. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"चालतं," मी म्हणाले. "योद्ध्याला वाचता येतो."

"कुठे लिहिलंय?" ईशाननं विचारलं.

"लिहिलेलं उमटलं नव्हतं. पण चालतं. मी पाहिलंय." मग मला राहवलं नाही. "फक्त एक आहे. एकदा वाचला की पुढे कुणी हाक मारली तर जावं लागतं. जेवत असलीस तरी."

"किती दिवस?" अन्वीनं विचारलं.

"दिवस नाहीत त्याला. कायमचं."

हा काय नियम झाला, असं ईशान म्हणाला.  अन्वी मात्र फासा मुठीत धरून विचार करत होती. मला वाटलं, नाही म्हण पोरी. खेळच आहे, मरू दे त्या जादूगाराला.

"चालेल," ती म्हणाली. "वाचते मी."

तिनं मूठ कानाशी नेली आणि फासा खुळखुळवला. मी उठले, दारात गेले, तिच्या चपला उचलल्या आणि दोन्ही नीट झटकल्या.